रानमधाच्या बाटलीवर नेमकं काय लिहावं?

मोहफूल (सोमवार, रात्री ९:१२)

नमस्कार. परतवाड्याहून घाट चढायला लागलं की जी गावं लागतात, त्यांतल्या एका गावात मी राहते. आमचा अकरा बायांचा बचत गट आहे. घरची माणसं जंगलातून आग्या मोहळाचा मध आणतात, आम्ही तो गाळून बाटल्या भरतो. चार वर्षं झाली. यंदा पहिल्यांदाच एक व्यापारी सगळा माल उचलायला तयार आहे, किलोमागे शंभर रुपये जास्त देऊन. अट एकच, लेबल त्याच्या सांगण्याप्रमाणे छापायचं.

त्यानं नमुना पाठवला. शुगर, दमा, कॅन्सर, संधिवात, मूल न होणं अशी चौदा दुखणी त्यावर आहेत. खाली ‘गुळवेल व प्रोपोलिसयुक्त’. आमच्या मधात गुळवेल नाही, आणि प्रोपोलिस हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला.

गटात दोन मतं आहेत. एकीनं हिशोब मांडला की वाढीव पैशात तिच्या पोराची वर्षाची फी निघते. तिचं चुकत नाही. पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही. माझ्या सासूबाईंना सहा वर्षांपासून शुगर आहे. दिवाळीच्या सुमारास कोणीतरी त्यांना सांगितलं की रानातल्या मधानं शुगर वाढत नाही, उलट उतरते. घरात मध भरपूर. त्या सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे घेत राहिल्या आणि गोळी अधूनमधून सोडत राहिल्या. जानेवारीत तपासलं तर उपाशीपोटी २४० निघाली. तो मध मीच गाळलेला होता.

म्हणून विचारते. मधाचे आणि या वनस्पतींचे कोणते गुण खरोखर तपासले गेले आहेत? खोटं छापायचं नाही हे माझं ठरलं आहे. पण मधाच्या अंगात जे खरंच आहे ते सांगायचा हक्कही मला सोडायचा नाही.

लालमाती (सोमवार, रात्री ९:५०)

ताई, इचारलं ते बरं केलं. मी पांढरकवड्याकडचा. लहानपणी माह्या हातावर चुलीवरचं गरम तेल उडालं होतं. आजीनं मध लावला, डाग बी रायला नाही. त्यात काही नाही असं कोणी म्हटलं तर मी मानणार नाही. पण चौदा बिमाऱ्या एका बाटलीत, हे बी पटत नाही. इथं जाणकार लोक हायेत, त्यायनं सांगावं का भाजल्यावरचं खरं किती.

परागकण (सोमवार, रात्री ११:०५)

मी नागपुरात वनस्पतिशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. मधातले परागकण पाहण्यात बरीच वर्षं गेली, त्यामुळे हा धागा वाचून झोप लागेना.

लालमाती भाऊ, तुमच्या आजीच्या उपायाची तपासणी आपल्याच राज्यात झाली आहे. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांचे दोन गट केले. ५२ जणांना मधाच्या पट्ट्या, ५२ जणांना तेव्हा सर्रास वापरलं जाणारं सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम. सात दिवसांत मधाच्या गटातल्या ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या. मलमाच्या गटात संसर्ग आटोक्यात आला तो ७ टक्क्यांत. १९९१ साली हे ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त छापून आलं.

पुढं जगभरातले असे प्रयोग एकत्र करून तपासले गेले. कॉक्रेन या संस्थेनं २०१५ मध्ये २६ प्रयोग आणि सुमारे तीन हजार रुग्ण घेतले. कातडीचा वरचा थरच भाजला असेल तर मधानं जखम नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा चार-पाच दिवस आधी भरते, असं दिसलं. शस्त्रक्रियेनंतर चिघळलेल्या जखमांनाही फायदा दिसला. पायावरच्या शिरांच्या व्रणांना मात्र काही उपयोग झाला नाही. आणि मधुमेहामुळं पायाला होणाऱ्या जखमांबद्दल ठाम काही म्हणावं इतका पुरावा मिळाला नाही. मोहफूल ताई, हे शेवटचं वाक्य तुमच्या सासूबाईंसाठी लक्षात ठेवा.

हे घडतं कसं, तेही सांगतो, कारण त्यातच तुमच्या बाटलीचा प्रश्न दडला आहे. मधात साखर इतकी दाट आणि पाणी इतकं कमी असतं की जंतूंच्या अंगातलंच पाणी शोषलं जातं. शिवाय मध आंबट असतो, चवीला कळलं नाही तरी. आणि माशी मकरंदात स्वतःच्या अंगातलं ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) मिसळते. जखमेतल्या ओलाव्यानं मध पातळ झाला की त्या विकरापासून हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत राहतं. दवाखान्यात जखम धुवायला तेच वापरतात. न्यूझीलंडच्या मानुका झुडपाच्या मधात याखेरीज मिथाइलग्लायऑक्सल नावाचं द्रव्य असतं, म्हणून तो मध जगभर गाजला. मध जास्त तापवला की ते विकर मरतं. मग बाटलीत नुसता गोड पाक उरतो.

एक इशारा. रुग्णालयात जखमेवर लावायचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. तुमच्या-माझ्या घरच्या बाटलीतला तसा नसतो. भाजल्यावर आधी वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरायचं, आणि फोड मोठा असेल, तोंड किंवा हात-पाय खोलवर भाजले असतील तर सरळ दवाखाना.

उपकेंद्रातली_ताई (मंगळवार, सकाळी ७:२०)

मी आरोग्य सेविका आहे, बावीस वर्षं झाली. ड्युटीवर निघायच्या आधी एवढंच लिहिते.

लेबलवर बाकी काहीही लिहा, एक ओळ पाहिजेच: एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. आमच्याकडं बाळ जन्मलं की अंगठी मधात बुडवून चाटवतात. सासू चाटवते, आत्या चाटवते, कोणाचा हेतू वाईट नसतो. पण मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूची बीजं असू शकतात. आपल्या पोटात ती रुजत नाहीत. बाळाचं आतडं तयार झालेलं नसतं, तिथं ती रुजतात आणि विष तयार करतात. आधी शौचाला होत नाही, मग रडणं बारीक होतं, दूध ओढता येत नाही, मान टाकतं, आणि शेवटी श्वास अडतो. मध शुद्ध आहे की भेसळीचा, याचा इथं काही संबंध नाही. अस्सल रानमधातही ही बीजं असतात. पहिले सहा महिने आईचं दूध, दुसरं काहीच नाही, पाणीसुद्धा नाही.

वर्षाच्या पुढच्या लेकराला खोकल्यावर अर्धा-एक चमचा मध रात्री झोपताना द्या म्हणून मी स्वतः सांगते.

परागकण (मंगळवार, सकाळी १०:४०)

ताईंच्या शेवटच्या वाक्याला जोड देतो. खोकल्यावरचं संशोधन चांगल्यापैकी भक्कम आहे. इस्राएलमध्ये ३०० मुलांवर प्रयोग झाला, २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वेगवेगळ्या फुलांचे मध आणि चौथ्या गटाला दिसायला-चवीला तसाच खजुराचा पाक. मध घेतलेल्या तिन्ही गटांची रात्र जास्त बरी गेली. कॉक्रेननं २०१८ मध्ये सहा प्रयोग, ८९९ मुलं एकत्र पाहिली. काहीच न देण्यापेक्षा मध बरा, खोकल्याच्या एका नेहमीच्या ॲलर्जीच्या औषधापेक्षाही बहुधा बरा, आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन या औषधाच्या जवळपास बरोबरीचा. मात्र हे सर्दी-पडशाच्या साध्या खोकल्याबद्दल आहे. दोन आठवड्यांच्या वर खोकला टिकला तर थुंकी तपासायलाच पाहिजे, टीबी असू शकतो.

मोहफूल (मंगळवार, रात्री ८:३०)

सगळ्यांचे आभार. आरोग्य ताई, तुमची पोस्ट मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवली. आमच्या घरच्या पाचही नातवंडांना त्यांनीच मध चाटवला आहे. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, सगळी वाचली म्हणायची.

आता शुगरचं सांगा. व्यापारी म्हणतो, मधानं शुगर उतरते हे परदेशात सिद्ध झालं आहे, त्यानं इंग्रजी बातमीही पाठवली. आणि आमच्या भागात जांभूळ खूप. ‘जांभळाचा मध शुगरवाल्याला चालतो’ असं जो तो सांगतो.

सेवाग्राम_वॉर्ड (मंगळवार, रात्री ११:५५)

ताई, मी डॉक्टर आहे, मेडिसिन विभागात शिकतोय. ती बातमी बहुधा टोरांटो विद्यापीठाच्या २०२२ च्या अभ्यासाची असावी. १८ प्रयोग, ११०५ माणसं. रोज सरासरी ४० ग्रॅम मध, सुमारे आठ आठवडे. उपाशीपोटीची साखर आणि वाईट कोलेस्टेरॉल थोडं उतरलेलं दिसलं, विशेषतः कच्च्या मधानं. बातमीत इथपर्यंतच छापतात. पण त्यातली माणसं बहुतांशी निरोगी होती आणि त्यांचा बाकीचा आहार बेताचा होता, त्यात साखर कमी होती. पुराव्याची खात्री कमी आहे असं अभ्यासकांनीच लिहिलं आहे. त्यांचं म्हणणं एवढंच की साखर खातच असाल तर तिच्या जागी मध घ्या. मधुमेही माणसानं गोळी सोडून मध खावा, असं त्यात कुठंही नाही.

साधा हिशोब सांगतो. मधात शंभरातले ऐंशी भाग साखरच असते, फ्रुक्टोज सुमारे ३८ आणि ग्लुकोज ३१, बाकी थोड्या इतर साखरा. चहाच्या एका चमच्यात सात ग्रॅम मध बसतो, म्हणजे साडेपाच-सहा ग्रॅम साखर. आजी दिवसाला चार चमचे घेत होत्या. त्यात गोळी चुकलेली. २४० येणारच.

जांभळाबद्दल: जे काही थोडंफार संशोधन आहे ते जांभळाच्या बियांच्या भुकटीवर आहे. माशी बी खात नाही, ती फुलातला मकरंद घेते, आणि मकरंद म्हणजे साखरेचं पाणी.

आजींच्या पायाला कधी जखम झाली तर घरचा मध लावू नका, लगेच दाखवायला आणा. पाय वाचवण्यात दिवस महत्त्वाचे असतात. आमच्याकडं फार उशिरा आलेले पाय मी पाहतो, म्हणून इतकं आवर्जून सांगतोय.

परागकण (बुधवार, सकाळी ९:१५)

डॉक्टरांचा जांभळाचा मुद्दा फार मोलाचा आहे. झाडाचा औषधी गुण कुठं सालीत असतो, कुठं मुळात, कुठं पानात. तो मकरंदातून मधात आपोआप उतरत नाही. बेहड्याच्या फुलांवरचा मध घेतला म्हणजे त्रिफळा घेतला असं होत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मधाच्या थेंबात मला जांभळाचे, बेहड्याचे, ऐनाचे परागकण ओळखता येतात. त्यावरून माशी कुठं गेली ते कळतं. माणूस बरा होईल की नाही, ते त्यावरून कळत नाही.

काढा_आणि_चाटण (बुधवार, दुपारी २:०५)

मी आयुर्वेदाचा वैद्य, वाशीम जिल्ह्यात तालुक्याच्या गावी दवाखाना आहे. वरचं बहुतेक मला मान्य आहे. पण धाग्याचा सूर ‘झाडपाला म्हणजे सांगोवांगी’ असा होऊ नये म्हणून दोन गोष्टी मांडतो.

अडुळसा आपल्या प्रत्येक गावाच्या कुंपणाला आहे. त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्याच्या अभ्यासातूनच ब्रोमहेक्सिन आणि ॲम्ब्रोक्सॉल ही कफ पातळ करणारी औषधं तयार झाली. सर्पगंधा घ्या. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिचं मूळ रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन, मोजून, १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापला आणि सगळ्या जगाचं लक्ष तिच्याकडं वळलं. तीन वर्षांनी तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. वायगावच्या हळदीला, समुद्रपूर तालुक्यातल्या, २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं, ते आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं जुने ग्रंथ पुढं ठेवून १९९७ मध्ये रद्द करवून घेतलं. ही परंपरा कमी लेखू नये.

मधाबद्दल आमचे ग्रंथ खूप बारकाईनं बोलतात. सुश्रुतानं मधाचे आठ प्रकार सांगितले, माक्षिक, भ्रामर, क्षौद्र, पौत्तिक वगैरे. मध तापवू नये, गरम पदार्थात घालू नये, तूप आणि मध समप्रमाणात घेऊ नये, हे चरकाचार्य सांगतात. ताई, तुम्ही मध उकळत असाल तर आजच थांबवा.

गुळवेलीबद्दल मात्र व्यापाऱ्याचं ऐकायला हरकत नाही असं माझं मत. ती रसायन, म्हणजे शरीराला बळ देणारं औषध आहे, ज्वरावर मी रोज देतो.

सेवाग्राम_वॉर्ड (बुधवार, रात्री १०:३०)

वैद्य सर, सर्पगंधेचं उदाहरण मला फार आवडलं, कारण त्यात मोजमाप आहे. कोणाला दिलं, किती दिलं, रक्तदाब किती उतरला, त्रास काय झाला. रेसरपिनमुळं काही रुग्णांना खिन्नता येते असं पुढं नोंदलं गेलं आणि डोस कमी केले गेले. तेच गुळवेलीला लावू या.

करोनाच्या काळात घरोघरी काढे उकळले गेले. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर कावीळ, यकृताला सूज झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पुढं देशातल्या १३ केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण मांडले. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखं त्यांत दिसलं. आयुष मंत्रालयानं यावर आक्षेप घेतला की गुळवेलीसारखी दिसणारी, टिनोस्पोरा या तिच्याच वंशातली दुसरी जातही वापरली गेली असेल. तो आक्षेप धरला तरी आपल्या बाटलीपुरता निष्कर्ष तोच राहतो. वेल नीट ओळखणारा माणूस नसेल, मात्रा ठरवणारा वैद्य समोर नसेल, तर मधात गुळवेल घालून कोणालाही विकू नये.

काढा_आणि_चाटण (गुरुवार, सकाळी ८:००)

डॉक्टर, मान्य. रुग्ण समोर बसवून नाडी-जीभ पाहून देणं वेगळं आणि बाटलीत घालून बाजारात पाठवणं वेगळं. माझं कालचं शेवटचं वाक्य मी मागं घेतो. थायरॉईडचा किंवा संधिवाताचा त्रास असलेल्यांना गुळवेल देताना मीही आता यकृताची तपासणी सांगत जाईन.

नवखा_वाचक (गुरुवार, दुपारी १२:१०)

मधमाशीच्या विषानं स्तनाचा कॅन्सर एका तासात मरतो असा मेसेज फिरतोय, ऑस्ट्रेलियाचं संशोधन म्हणून. आमच्या गावाजवळ एकजण गुडघ्यावर जिवंत माश्या चावून घेण्याचे पैसे घेतो. माझी आई जायचं म्हणते. हे खरं आहे का?

सेवाग्राम_वॉर्ड (गुरुवार, दुपारी १:२५)

आईंना जाऊ देऊ नका, आधी हे वाचा.

२०२० मध्ये पर्थच्या शास्त्रज्ञांनी विषातलं मेलिटिन हे द्रव्य कॅन्सरच्या पेशींवर टाकून पाहिलं आणि पेशी झपाट्यानं मेल्या, हे खरं. पण त्या काचेच्या बशीतल्या पेशी होत्या, आणि उंदरांवर थोडं काम झालं. माणसावर नाही. मेलिटिन निरोगी पेशीही फोडू शकतं. ते नेमकं गाठीपर्यंत कसं पोचवायचं, यावर अजून काम चालू आहे.

चावून घेण्याबद्दल: नेदरलँड्समध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या २६ रुग्णांवर २४ आठवडे प्रयोग झाला, आजारात काही फरक पडला नाही. आणि स्पेनमध्ये ५५ वर्षांच्या एका बाईंनी दोन वर्षं असे डंख नीट सोसले होते. एके दिवशी त्यांना तीव्र ॲलर्जीचा झटका आला आणि त्यातून त्या वाचल्या नाहीत. ‘मला आजवर काही झालं नाही’ ही खात्री इथं पुरत नाही. अशा झटक्यावर लगेच ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं. ते त्या माणसाकडं आहे का, एवढं विचारून पाहा.

विषाचा एक उपयोग मात्र पक्का सिद्ध आहे, तोही माशीच्या डंखाची ॲलर्जी असलेल्यांसाठी. रुग्णालयात, अगदी सूक्ष्म मात्रेपासून वाढवत नेलेली इंजेक्शनं.

मोहफूल (गुरुवार, रात्री ९:००)

प्रोपोलिसचं राहिलं. आणि दुसरं, आमच्या काही बाटल्यांना महिन्याभरात फेस येतो, झाकण उडतं. गिऱ्हाईक म्हणतं भेसळ आहे. आम्ही थेंबभरही काही घालत नाही.

मोहोळकाठी (गुरुवार, रात्री १०:४५)

ताई, मी गडचिरोलीचा, धानोरा तालुक्यातला. बाप-आजे मध काढत आले, मीही काढतो. फेसाचं कारण तुमच्या काढण्यात आहे.

आग्या मोहोळ उघड्यावर, एकच मोठं पोळं. मध वरच्या बाजूला, फांदीला लागून. खाली अंडी, अळ्या, पराग. जुन्या रीतीत मशाल पेटवून सगळं पोळं पाडायचं आणि हातानं पिळायचं. त्यात अळ्या चेंगरतात, पराग मिसळतो, माश्या जळतात, आणि तो मध आंबतोच. शिवाय आग्याच्या मधात मुळातच पाणी जास्त. पाणी २० टक्क्यांच्या वर असलं की यीस्ट वाढतं. कायद्यानंही २० च्या वर चालत नाही. पावसाळ्यात काढलेला तर अजून पातळ. पोळ्यातल्या मधाच्या घरांना माश्यांनी मेणाचं झाकण घातलेलं असेल तरच तो पिकलेला समजायचा.

वर्ध्याच्या दत्तपूरला सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस आहे. अंगभर पोशाख घालून, फक्त मधाचा भाग कापून, अंडी-अळ्यांचा भाग तसाच ठेवून मध काढायची रीत त्यांनी बसवली. आमच्याकडं मेंढा (लेखा) गावाच्या अभ्यास गटानं हाच प्रश्न घेतला होता, माश्या न मारता मध कसा मिळवावा. माश्या पळून जात नाहीत, त्याच पोळ्यात पुन्हा मध भरतात. मी पहिल्यांदा तसा मध काढला तेव्हा खाली उतरून वर पाहिलं, पोळं लोंबत होतं, माश्या परत बसत होत्या. तेव्हापासून मशाल घेतली नाही.

पाण्याचं प्रमाण मोजायला रिफ्रॅक्टोमीटर मिळतो, हातात मावणारा. गटानं एक घ्याच.

परागकण (शुक्रवार, सकाळी ६:५०)

मोहोळकाठी यांनी लिहिलं ते वाचून फार बरं वाटलं. प्रोपोलिसचं थोडक्यात: काही माश्या झाडांच्या कळ्यांवरचा, सालीवरचा राळेसारखा चीक आणून पोळ्याच्या फटी लिंपतात. ते प्रोपोलिस. साधारण निम्मी राळ, तिसरा हिस्सा मेण, बाकी सुगंधी तेलं आणि पराग. आपली सातेरी ही देशी मधमाशी ते गोळा करत नाही. आग्याच्या पोळ्यातूनही विकण्याजोगं काही निघत नाही. बाजारातलं मुख्यतः पेटीतल्या युरोपीय माशीचं असतं. ब्राझीलमध्ये १२४ करोना रुग्णांवर प्रयोग झाला, प्रोपोलिस दिलेल्यांना रुग्णालयातून लवकर सोडता आलं. पण ते तिथल्या एका विशिष्ट झुडपाचं हिरवं प्रोपोलिस. ज्या झाडाचा चीक, तसं प्रोपोलिस. एकाचे निष्कर्ष दुसऱ्याला चिकटवता येत नाहीत. तुमच्या लेबलवर तो शब्द येणं सरळ खोटं ठरेल.

शुद्धतेच्या घरगुती परीक्षाही सोडून द्या. पाण्यात तळाला जातो, काडी पेटते, कुत्रं खात नाही, यातलं काहीच भेसळ पकडत नाही. थंडीत गोठला म्हणजे साखर घातली, हेही चूक. ज्या मधात ग्लुकोज जास्त तो गोठणारच. भेसळ किती पुढं गेली आहे ते दिल्लीच्या सीएसई संस्थेनं डिसेंबर २०२० मध्ये दाखवलं. बाजारातले १३ ब्रँड तपासले, एनएमआर या चाचणीत फक्त तीन टिकले. नेहमीच्या चाचण्यांना चकवणारे साखरेचे पाक तयार मिळतात. अशा बाजारात तुमच्या मधाची खरी किंमत तो कुठल्या जंगलातला आणि कोणाच्या हातचा, यात आहे.

लालमाती (शुक्रवार, सकाळी ११:३०)

एक गोष्ट मले सांगाच लागते. सतरा साली आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. जे माणसाले मारते ते माशीले सोडन का? पराटी फुलावर असते, तवाच फवारे चालू असतात. पहिले तुरीवर, करडीवर माश्या घोंघावत, आता वावरात शांत वाटते. मध औषधी की नाही, यावर आपण इतकं बोललो, पण मधात फवारा उतरते का, हे कोणी इचारलं नाही.

परागकण (शुक्रवार, दुपारी ४:१०)

भाऊ, हा प्रश्न सगळ्यांच्या आधी यायला हवा होता. २०१७ मध्येच ‘सायन्स’ या नियतकालिकात जगभरच्या १९८ मधांची तपासणी छापून आली. तीन-चतुर्थांश नमुन्यांत निओनिकोटिनॉइड गटातलं किमान एक कीटकनाशक सापडलं. कपाशीच्या बियाण्याला लावतात ते इमिडाक्लोप्रिड याच गटातलं. प्रमाण बहुतेक ठिकाणी माणसाच्या मर्यादेच्या आत होतं, पण माशीला वाट चुकवायला त्याहून थोडंही पुरतं. फवारणी करायचीच असेल तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर, आणि पीक फुलावर असताना टाळावी. मेळघाटच्या आतल्या जंगलाचा मध आणि कपाशीच्या पट्ट्यातला मध यांत हा फरक आहे. ताई, तुमच्या लेबलवर जंगलाचं नाव येणं म्हणूनही महत्त्वाचं.

उपकेंद्रातली_ताई (शुक्रवार, रात्री ८:४०)

कायद्याचंही सांगून ठेवते. औषधे व चमत्कारिक उपाय कायदा १९५४ चा आहे. मधुमेह, कॅन्सर बरा होतो अशी जाहिरात करणं त्याखाली गुन्हा आहे. अन्नपदार्थाच्या लेबलवर रोग बरा करण्याचा दावा अन्नसुरक्षेच्या नियमांतही चालत नाही. त्यामुळं खोकल्याचं खरं असलं तरी बाटलीवर नको. ते मी घरोघरी तोंडानं सांगतेच. आणि पकडले गेलात तर नाव गटाचं येणार, व्यापाऱ्याचं नाही.

मोहफूल (रविवार, रात्री ९:२५)

आज गटाची बैठक झाली. तुमच्या पोस्ट मी वाचून दाखवल्या. अडीच तास गेले. व्यापाऱ्याला फोन केला, चौदा दुखणी छापणार नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, मग जुन्याच भावानं देणार असाल तर अर्धा माल उचलतो. फीचा हिशोब मांडणारी आमची बाई रडली. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की उरलेला अर्धा माल चिखलदऱ्याच्या पर्यटकांना आम्ही स्वतः विकू, आणि तिची पाळी त्या टेबलावर पहिली.

पोरांनी एका ओळखीच्या संस्थेकडून रिफ्रॅक्टोमीटर दोन दिवसांसाठी आणला. दोन डब्यांत पाणी २३ टक्के निघालं. ते विकायचं नाही, घरी वाटून घेतलं. बाकीचं १९ च्या आसपास आहे.

लेबल असं ठरलं आहे: ‘मेळघाटच्या जंगलातला आग्या मोहळाचा मध. उन्हाळ्यातली काढणी. तापवलेला नाही. काहीही मिसळलेलं नाही. थंडीत गोठू शकतो. मधुमेह असल्यास साखरेसारखाच मोजून घ्यावा. एक वर्षाखालील बाळाला देऊ नये.’ ‘माश्या न मारता काढलेला’ हे यंदा लिहिता येत नाही, कारण आमच्या माणसांनी मशाल वापरली आहे. मोहोळकाठी दादा, पावसाळा संपला की आमच्याकडचे चौघं दत्तपूरला शिकायला जायचं म्हणतात, तुम्ही सोबत याल का?

सासूबाईंची उपाशीपोटीची साखर परवा १५२ आली. गोळी रोज चालू आहे. लेबलचा कागद त्यांनी हातात घेऊन पाहिला आणि विचारलं, बाळाची ओळ इतकी बारीक कायले? उद्या परतवाड्याला छापायला टाकते आहे. ती ओळ सगळ्यांत वर आणि सगळ्यांत मोठ्या अक्षरात घ्यायला सांगितलं आहे.